नादाचा ध्यास

वसईजवळच्या पापडीच्या तळ्यात खडा टाकला, की उठलेले तरंग काठाकडे जाता जाता क्षीण होतात. द्रवातून जाणारे ध्वनितरंगही असेच मंदावतात. त्यांची शक्ती द्रवात शोषली जाऊन तिची उष्णता बनते. अशा तरंगांचा ध्यास घेणारे थोर शास्त्रज्ञ म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन होत.

त्यांचा जन्म १८८८ साली तिरुचिरापल्ली येथे झाला. १९०७ मध्ये ते कलकत्त्यास सरकारी हिशेबखात्यात अधिकारी झाले. कचेरीबाहेरचा वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत आणि तंतुवाद्यांच्या नादाचे रहस्य शोधीत. रंगून, नागपूर येथे बदल्या झाल्या, तरी अभ्यास सुटला नाही. अखेर १९१७ मध्ये मोठ्या पगाराची ती नोकरी सोडून त्यांनी अल्प वेतनाची प्राध्यापकी पत्करली. १९३० मध्ये प्रकाशाच्या संशोधनाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

द्रवात कानांना ऐकू न येणारे ध्वनितरंग सोडले, तर त्यातून जाणारा प्रकाश अनेक किरणांत विभागतो. बंगळूर येथे रामन व त्यांचे तरुण सहकारी नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये याची उपपत्ती मांडली. अशा प्रकाशावरून सेंद्रिय द्रवांतील ध्वनीचा वेग व शोषण मोजता येते. बेंझीन हा द्रव असा ध्वनी पाण्याच्या ३० पटींहून अधिक शोषतो!

१९७० मध्ये रामन निवर्तले. धनापेक्षा ज्ञान मोठे, हे त्यांनी आचरणाने दाखविले.