माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (६ ऑक्टोबर १७७९ – २० नोव्हेंबर १८५९) हे ईस्ट इंडिया कंपनीचे मुत्सद्दी, पेशव्यांच्या दरबारातील ब्रिटिश रेसिडेंट, दख्खनचे कमिशनर, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर आणि इतिहासकार होते. मराठी राज्याच्या अखेरीनंतर दख्खनची राज्यव्यवस्था लावणे आणि मुंबई इलाख्यात आधुनिक शिक्षणाचा पाया घालणे या दोन कार्यांसाठी ते प्रामुख्याने ओळखले जातात. युद्धात लष्कराने घेतलेल्या खाजगी मालमत्तेबद्दल प्रजेला न्यायालयात दाद मागता येते काय, या प्रश्नावरील एका महत्त्वाच्या खटल्यात ते प्रतिवादी होते.

प्रारंभिक जीवन

एल्फिन्स्टन यांचा जन्म स्कॉटलंडमधील एका सरदार घराण्यात झाला. कंपनीच्या मुलकी सेवेत नेमणूक होऊन ते १७९६ मध्ये कलकत्त्यास आले. १७९९ मध्ये बनारस येथे वजीर अलीच्या माणसांनी केलेल्या कत्तलीतून ते थोडक्यात बचावले. १८०१ मध्ये त्यांची पुणे दरबारातील रेसिडेंटच्या हाताखाली नेमणूक झाली. १८०३ च्या इंग्रज–मराठे युद्धात असई व आडगाव येथील लढायांच्या वेळी ते आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) यांच्याबरोबर होते. त्यानंतर ते नागपूरच्या भोसल्यांच्या दरबारात रेसिडेंट झाले. १८०८ मध्ये निघालेल्या काबूलच्या वकिलातीचे ते प्रमुख होते. १८०९ मध्ये पेशावर येथे त्यांची शाह शुजाशी भेट झाली. या प्रवासावर आधारित काबूलच्या राज्याचा वृत्तान्त त्यांनी १८१५ मध्ये प्रसिद्ध केला.

पुण्याचे रेसिडेंट

१८११ मध्ये एल्फिन्स्टन दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट म्हणून पुण्यास आले. १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपूर येथे खून झाला. या प्रकरणी त्यांनी त्रिंबकजी डेंगळे यांना ताब्यात देण्याची मागणी केली. त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यातून निसटल्यानंतर दोन्ही पक्षांतील वितुष्ट वाढले आणि जून १८१७ मध्ये पेशव्यांवर पुण्याचा तह लादण्यात आला.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्या दिवशी मुळा–मुठेच्या संगमावरील रेसिडेन्सी जाळण्यात आली व एल्फिन्स्टन यांचा ग्रंथसंग्रह आणि सामानसुमान नष्ट झाले. १७ नोव्हेंबरला पुणे शहर इंग्रजांच्या ताब्यात गेले.

सातारचा जाहीरनामा

११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टन यांनी साताऱ्याहून जाहीरनामा काढला. पेशव्यांचे राज्य संपुष्टात आणून त्यातील काही प्रदेश छत्रपती प्रतापसिंह यांना देण्यात येईल आणि उरलेला कंपनीकडे राहील, असे त्यात जाहीर करण्यात आले. वतने, इनामे, वर्षासने, देवस्थानांची उत्पन्ने आणि लोकांची खाजगी मालमत्ता यांना हमी देण्यात आली. बाजीरावांच्या चाकरीत असलेल्या वतनदारांना घरी परतण्यासाठी दोन महिन्यांची मुदत होती. दख्खनचे कमिशनर या नात्याने या आश्वासनांच्या अंमलबजावणीची जबाबदारी एल्फिन्स्टन यांच्यावरच आली.

नारोबा गोविंद औटी यांच्या मालमत्तेचा वाद

जिंकलेल्या मुलखातील सरकारी खजिना ही युद्धातील लूट मानली जाई व ब्रिटिश राजसत्तेच्या परवानगीने ती सैन्यात वाटली जाई. दख्खनच्या लुटीच्या वाटणीवरून सेनापतींमध्ये दीर्घ वाद झाला. या रकमेच्या विश्वस्तांत पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांचा समावेश होता. त्यामुळे एखादी रक्कम पेशव्यांची की तिच्या धारकाची स्वतःची, या प्रश्नाला मोठे महत्त्व आले.

मे १८१८ मध्ये रायगड इंग्रजांच्या हाती आला. गडाचे अधिकारी नारोबा गोविंद औटी यांना शरणागतीच्या अटींचा लाभ नाकारण्यात आला. मात्र पुण्यातील स्वतःच्या घरी लष्करी देखरेखीखाली राहण्याची मुभा मिळाली. एल्फिन्स्टन यांच्या अधिकाराखाली पुण्याचा कारभार पाहणारे कॅप्टन रॉबर्टसन यांनी पुढे औटी यांच्याकडील द्रव्य पेशव्यांचे समजून जप्त केले. हे द्रव्य खाजगी असल्याचा औटी यांच्या बाजूचा दावा होता.

औटी यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात एल्फिन्स्टन व रॉबर्टसन यांच्यावर दावा लावला. १८२४ मध्ये सुरू झालेले हे न्यायालय राजाच्या सनदेने स्थापन झालेले असून कंपनीच्या सरकारपासून स्वतंत्र होते. निकाल वादीच्या बाजूने लागला. त्यावर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे अपील करण्यात आले व १८३० मध्ये हा निकाल फिरला. एल्फिन्स्टन विरुद्ध बेद्रीचंद या नावाने हा खटला कायद्याच्या ग्रंथांत नमूद आहे.

जप्तीच्या वेळी पुणे शहर कित्येक महिने इंग्रजांच्या निर्वेध ताब्यात होते आणि तेथे त्यांची न्यायालयेही चालू होती. तरीही युद्ध पुरते संपलेले नसल्याने ही जप्ती युद्धकृत्यच ठरते व तिचा निवाडा करण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयास नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरवले. काही अन्याय झाला असल्यास सरकारकडेच दाद मागावी, असेही निर्णयात म्हटले होते. द्रव्य खरोखर कोणाचे होते, हा प्रश्न त्यामुळे निर्णायक उरला नाही. नुकसानभरपाई हा न्यायालयातून मिळवण्याचा हक्क न राहता सरकारच्या मर्जीचा विषय झाला आणि ज्या सरकारने मालमत्ता घेतली त्याच्याकडेच अर्ज करण्याचा मार्ग उरला. तंजावरच्या मराठी राजघराण्यातील कामाक्षीबाई यांच्या दाव्यातही, राज्यसत्तेने केलेल्या जप्तीवर न्यायालयाचा अधिकार चालत नाही, असाच निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये दिला.

मुंबईचे गव्हर्नर

१८१९ ते १८२७ या काळात एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर होते. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीचा त्यांचा १८१९ चा अहवाल मराठी अमदानीतील गावगाडा, पंचायती व महसूल यांच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन आहे. १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली आणि तिच्यासाठी पेशव्यांच्या दक्षिणेतील रकमेचा उपयोग करण्यात आला. १८२७ मध्ये इलाख्याच्या कायद्यांची संहिता तयार झाली. ती एल्फिन्स्टन संहिता म्हणून ओळखली जाते.

अखेरचा काळ

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन यांनी भारत सोडला. गव्हर्नर जनरलचे पद त्यांनी दोनदा नाकारले. १८४१ मध्ये त्यांचा भारताचा इतिहास प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील सरे परगण्यात त्यांचे निधन झाले.

वारसा

एल्फिन्स्टन यांच्या निरोपाच्या वेळी मुंबईतील नागरिकांनी वर्गणी गोळा करून शिक्षणासाठी निधी उभारला. त्यातून एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूट व पुढे एल्फिन्स्टन महाविद्यालय आकारास आले. गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट हे या शैक्षणिक चळवळीतील प्रमुख पुढारी होते. ठाकूरद्वारावरून जाणाऱ्या रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले आहे. प्रभादेवी स्थानकाचे २०१८ पर्यंतचे एल्फिन्स्टन रोड हे नाव मात्र माउंटस्टुअर्ट यांचे नसून, त्यांचे पुतणे आणि १८५३ ते १८६० या काळातील गव्हर्नर लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांचे होते.