विश्लेषण : प्रोस्टेट कर्करोगाची ‘रसद’ तोडणारे चार्ल्स हगिन्स कोण होते?

प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला की तो शस्त्रक्रियेने काढून टाकता येत नाही. तरीही अनेक रुग्णांमध्ये तो औषधांनी काही वर्षे आटोक्यात राहतो. या उपचारांचा पाया शिकागोतील सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी घातला.

जडणघडण कशी झाली?

हगिन्स यांचा जन्म २२ सप्टेंबर १९०१ रोजी कॅनडातील हॅलिफॅक्स येथे झाला. हार्वर्डमधून १९२४ मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते १९२७ मध्ये शिकागो विद्यापीठात रुजू झाले. मूत्ररोग विभागाची जबाबदारी आली तेव्हा त्या शाखेचे खास प्रशिक्षण त्यांच्याकडे नव्हते. काम करता करताच ते शिकले.

कुत्र्यांवर प्रयोग का?

माणसाप्रमाणेच वयस्क कुत्र्यांचीही प्रोस्टेट ग्रंथी वाढते. वृषणे काढली की ती आकसते आणि पुरुषी संप्रेरक दिले की पुन्हा वाढते, असे हगिन्स यांना दिसले. कर्करोगाच्या पेशी शरीराचे नियंत्रण जुमानत नाहीत, अशी तेव्हा समजूत होती. या पेशीही संप्रेरकांवरच पोसल्या जात असतील तर, हा त्यांचा प्रश्न होता.

१९४१ मध्ये काय आढळले?

हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगात रक्तातील ॲसिड फॉस्फेटेज हे एन्झाइम वाढते, हे १९३८ मध्ये समोर आले होते. हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी तोच मापदंड वापरला. रुग्णांची वृषणे काढल्यावर किंवा इस्ट्रोजेन दिल्यावर त्याचे प्रमाण घटले. पुरुषी संप्रेरक दिल्यावर वाढले. वेदनांनी अंथरुणाला खिळलेल्या अनेकांना आराम पडला.

मर्यादा कोणत्या?

हा आराम बहुधा कायमचा नसे. आजार पुन्हा उलटे. वृषण काढण्याचा मानसिक आघात आणि इस्ट्रोजेनमुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका, ही किंमत वेगळीच. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतूनही पुरुषी संप्रेरके मिळत असावीत, या तर्काने हगिन्स यांनी त्या ग्रंथीही काढून पाहिल्या. तेव्हा तो उपाय साधला नाही. मात्र तर्क खरा होता. आज वापरले जाणारे ॲबिराटेरोन हे औषध त्या ग्रंथींतील निर्मितीही रोखते.

आज काय बदलले?

ॲसिड फॉस्फेटेजची जागा ‘पीएसए’ रक्तचाचणीने घेतली. ग्रंथीची साधी वाढ किंवा जंतुसंसर्ग यांमुळेही पीएसए वाढतो. त्यामुळे निदान पक्के होते ते बायोप्सीनेच. ग्रंथीपुरत्या मर्यादित कर्करोगावर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार करतात. कमी धोक्याच्या रुग्णांवर नुसती देखरेखही पुरते. पसरलेल्या आजारात वृषण काढण्याऐवजी बहुतेकदा इंजेक्शन दिले जाते. तत्त्व मात्र हगिन्स यांचेच.

दखल कधी घेतली गेली?

तब्बल २५ वर्षांनी, १९६६ मध्ये त्यांना पेटन राऊस यांच्यासह वैद्यकाचे नोबेल मिळाले. १२ जानेवारी १९९७ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. आजार मुळापासून जात नसला तरी रुग्णाला वेदनामुक्त वर्षे देता येतात, हे त्यांनी दाखवून दिले.