यंत्रशिल्पी विल्हेल्म मायबाख

मोटारगाडीच्या जन्मकथेत काही नावे हटकून येतात. चार धावांच्या एंजिनाशी ऑटोचे नाव जोडलेले आहे, पहिल्या मोटारींशी बेन्झ व डाइम्लर यांचे. मर्सिडीस हे नाव तर एका व्यापाऱ्याच्या लहानग्या मुलीचे. परंतु ऑटोचे एंजिन कारखान्यात सुबकपणे तयार होईल असे ज्याने केले, डाइम्लरच्या यंत्रांचे आराखडे ज्याच्या फलकावर उमटले आणि पहिली मर्सिडीस ज्याच्या हातून घडली, तो मनुष्य एकच होता, आणि त्याचे नाव दीर्घ काळ दुसऱ्यांच्या नावांआड राहिले. त्या विल्हेल्म मायबाखचे चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

जर्मनीतील व्युर्टेंबर्ग प्रांतात हाइलब्रॉन नावाचे गाव आहे. तेथे ९ फेब्रुवारी १८४६ रोजी एका सुताराच्या घरी विल्हेल्मचा जन्म झाला. पाच भावांचे हे कुटुंब पुढे स्टुटगार्टच्या बाजूला राहावयास गेले. परंतु दैव प्रतिकूल होते. प्रथम आई गेली व पाठोपाठ वडीलही गेले. दहाव्या वर्षी हा मुलगा पोरका झाला. नातेवाइकांची ऐपत बेताची. त्यांनी वर्तमानपत्रात निवेदन छापून या अनाथ मुलांसाठी दयाळू लोकांकडे साहाय्य मागितले. ते वाचून गुस्टाव्ह वेर्नर या धर्मोपदेशकाने विल्हेल्मला रॉयटलिंगेन येथील आपल्या आश्रमात ठेवून घेतले.

हा आश्रम केवळ अन्नछत्र नव्हता. त्याला जोडून यंत्रांचा कारखाना होता, आणि मुलांना शिक्षणाबरोबर हातात धंदाही मिळे. पंधराव्या वर्षी विल्हेल्मला यंत्रांचे नकाशे काढण्याच्या कामावर बसविले. दिवसभर रेखाटन करावे आणि संध्याकाळी गावच्या शाळेत पदार्थविज्ञान व गणित शिकावे, असा त्याचा क्रम असे. १८६३ मध्ये गॉटलीब डाइम्लर या कारखान्याची व्यवस्था पाहण्यास आला. तो विल्हेल्मपेक्षा बारा वर्षांनी मोठा, बेकरीवाल्याचा मुलगा, स्वभावाने तडफदार. या अबोल मुलाच्या बोटांतील कसब त्याने हेरले. पुढे डाइम्लर १८६९ मध्ये कार्ल्सरूहला गेला, तेव्हा मायबाखही मागोमाग गेला. १८७२ मध्ये डाइम्लर कोलोनजवळच्या डॉइट्झ येथील गॅस एंजिनाच्या कारखान्यात रुजू झाला, तेथेही मायबाख गेलाच, आणि १८७३ मध्ये तेथील आराखडा-विभागाचा प्रमुख झाला. ऑटोचे १८७६ चे प्रसिद्ध एंजिन विक्रीयोग्य करण्याचे काम याच विभागाने केले.

ही एंजिने मोठी अवजड असत. दिव्यासाठी जो गॅस नळाने येई त्यावर ती चालत, आणि मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्यांच्या आसपास त्यांची मजल संपे. अशा एंजिनाला जमिनीत पाय रोवूनच बसावे लागे. हलके आणि वेगाने फिरणारे एंजिन झाले तरच ते गाडीवर, होडीवर चढेल, हा विचार डाइम्लर व मायबाख यांच्या मनात घोळत होता. मालकांशी न पटल्यामुळे १८८२ मध्ये डाइम्लर डॉइट्झहून बाहेर पडला. त्याने कानश्टाट येथे बंगला घेतला आणि बागेतील काचघराला जोडून कार्यशाळा थाटली. दोघे तेथे दाराला कुलूप लावून रात्रंदिवस खटपट करीत. आतून सतत ठोकठोक ऐकू येई. सांगतात, की बागेच्या माळ्याला हे दोघे खोटी नाणी पाडतात असा संशय आला व त्याने पोलिसांना वर्दी दिली. पोलिसांनी येऊन पाहिले तो हत्यारे आणि एक एंजिन, याशिवाय तेथे काहीच नव्हते!

त्या एंजिनाची धाव मिनिटाला सुमारे ६०० फेऱ्यांपर्यंत गेली. १८८५ मध्ये ते एका लाकडी दुचाकीवर बसविण्यात आले, १८८६ मध्ये घोडागाडीवर, आणि १८८९ मध्ये मायबाखने आरेखिलेली पोलादी चाकांची गाडी पॅरिसच्या प्रदर्शनात झळकली. या सर्व गोष्टी आम्ही येथे भराभर सांगून टाकीत आहोत, कारण ज्या एका वस्तूसाठी हे चरित्र आम्हांला विशेष लिहावेसे वाटले, ती अजून यावयाची आहे. ती वस्तू म्हणजे कार्बुरेटर.

पेट्रोल हा द्रव पदार्थ आहे, आणि द्रवरूपात तो एंजिनात नीट जळत नाही. त्याची वाफ किंवा सूक्ष्म तुषार हवेत मिसळावे लागतात, आणि तेही ठराविक प्रमाणात. एक किलो पेट्रोल पुरते जळावयास सुमारे पंधरा किलो हवा लागते. घनफळात मोजले तर एक लिटर पेट्रोलला सुमारे नऊ हजार लिटर हवा! पेट्रोल प्रमाणाबाहेर गेले की काळा धूर निघतो, ठिणगीच्या तोंडावर काजळी बसते व इंधन फुकट जाते. हवा जास्त झाली की एंजिन तापते, अडखळते आणि कधी कधी येण्याच्या वाटेनेच फट्‌कन आवाज काढते.

सुरुवातीच्या एंजिनांत हे मिश्रण करण्याची रीत फार ढोबळ होती. पेट्रोलच्या डब्यावरून वा त्यामधून हवा खेळवीत, व जी काही वाफ हवेबरोबर येईल तीवर एंजिन चाले. यात एक मोठी खोट होती. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातील हलके भाग आधी उडून जातात व जड भाग तळाशी उरतात. म्हणजे प्रवासाच्या आरंभी मिश्रण एक आणि शेवटी दुसरेच. शिवाय थंडीत वाफ कमी, उन्हात अधिक, आणि रस्त्याच्या धक्क्यांनी पेट्रोल हिंदकळले की आणखी निराळी. असे एंजिन एकाच चालीने कसेबसे चालविता येई. हळू कर म्हटले तर बंद पडे.

या अडचणीतून मार्ग निघाला तोही अडचणीच्याच काळात. १८९० मध्ये डाइम्लरच्या नावाची कंपनी उभी राहिली, परंतु भांडवल घालणाऱ्या मंडळींनी मायबाखला संचालक मंडळात स्थान नाकारले. अर्थात या मंडळींना भांडवल कळत होते, मनुष्य कळत नव्हता. १८९१ च्या आरंभी मायबाखने कंपनी सोडली. डाइम्लर कंपनीत अडकला होता, तरी त्याने आपल्या जुन्या सहकाऱ्याला वाऱ्यावर सोडले नाही. त्याने पैसा पुरविला, आणि १८९२ मध्ये कानश्टाटमधील एका बंद पडलेल्या हॉटेलचे दिवाणखाने भाड्याने घेऊन दिले. जेथे पूर्वी लोक नृत्य करीत, तेथे आता चरक फिरू लागले. तेथेच १८९३ मध्ये मायबाखचा तुषार-कार्बुरेटर सिद्ध झाला.

त्याची रचना समजावयास कठीण नाही. एका लहानशा कोठीत पेट्रोल येते. त्या पेट्रोलवर एक पोकळ तरंगी असते. पेट्रोल वाढले की तरंगी वर उचलली जाते आणि तिला जोडलेली सुई येण्याचे छिद्र बंद करते. पेट्रोल घटले की तरंगी खाली येते, छिद्र उघडते. त्यामुळे कोठीतील पातळी सदैव एकसारखी राहते. या कोठीतून एक बारीक नळी हवेच्या मार्गात नेलेली असते, आणि तिचे तोंड त्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवलेले असते. एंजिन थांबलेले असता पेट्रोल तोंडापाशी येऊन उभे राहते, बाहेर सांडत नाही. दट्ट्या खाली उतरू लागला की तो हवा ओढतो, हवेच्या मार्गातील दाब कमी होतो, आणि नळीच्या तोंडातून पेट्रोलचा बारीक फवारा उडून हवेत मिसळतो. एंजिन जोराने ओढील तर हवाही अधिक व फवाराही अधिक. हळू ओढील तर दोन्ही कमी. आता पेट्रोल किती उडून जाते याची वाट पाहत बसावयास नको. एंजिनच आपल्या गरजेपुरते मागून घेते.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच वर्षी बुडापेस्ट येथे बांकी व चोंका या दोघा हंगेरियन संशोधकांनीही अशाच तत्त्वावरचे साधन तयार केले होते. काळ पिकला की एकच फळ दोन झाडांवर दिसावे, तसा हा प्रकार. पण मोटारीवर चढून जगभर पसरली ती मुख्यत्वे मायबाखची रचना.

ती अगदी निर्दोष होती असे मात्र नव्हे. एंजिनाची गती वाढेल तसे फवाऱ्याचे प्रमाण हवेपेक्षा थोडे अधिक वाढते व मिश्रण घट्ट होऊ लागते. त्यावर १९०२ मध्ये फ्रान्समधील क्रेब्स याने जादा हवा आपोआप आत घेणारी झडप बसविली. पुढच्या पिढ्यांनी निरनिराळ्या जाडीची छिद्रे, हवेचे पेच, थंडीसाठी चोक अशी भर घातली. अमेरिकेत १९६० च्या दशकात पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीत प्रचंड एंजिनांच्या मोटारी धावत. तेथील कसबी लोक हवा तापून विरळ झाली की अधिक बारीक छिद्राचा जेट बसवीत. ते साधत होते तोच मेळ मायबाखने कानश्टाटच्या हॉटेलात साधला होता. आमच्या बेळगावातही स्कूटरचा कान्याकोपऱ्यातला मिस्त्री पेच अर्धा फिरवून, कान लावून एंजिनाची चाल ऐकत असे, तो याच पंथातला. २०२० पासून नव्या दुचाकींवर बहुतेक इंधन-फवारणीची नवी यंत्रणा आली आहे, तरी जुन्या गाड्या ज्यांच्या घरी आहेत त्यांना हा कान लावून बसलेला मनुष्य नक्की आठवेल.

मायबाखवाचून कंपनीचे चालेना. फ्रेडरिक सिम्स या इंग्रज उद्योजकाने डाइम्लरच्या यंत्रांचे हक्क साडेतीन लाख मार्कांना घेण्याची तयारी दाखविली, पण डाइम्लरला परत घ्याल तरच, अशी अट घातली. १८९५ मध्ये डाइम्लर परतला आणि मायबाख तांत्रिक प्रमुख म्हणून आला. परंतु ६ मार्च १९०० रोजी डाइम्लर निवर्तला. पस्तीस वर्षांची जोडी फुटली.

त्याच महिन्यात आणखी एक आघात झाला. दक्षिण फ्रान्समध्ये नीसहून ला तुर्बीच्या डोंगरावर चढण्याची शर्यत होती. तीत डाइम्लर कंपनीची उंच, आखूड आणि पुढून जड अशी गाडी पहिल्याच वळणावर खडकावर आदळली व चालक विल्हेल्म बाउअर प्राणास मुकला. कंपनीतील काहींना वाटले, आता शर्यती पुरे. परंतु नीस येथे या गाड्या विकणारा एमिल येलिनेक मोठा हट्टी गृहस्थ होता. त्याचे म्हणणे, दोष शर्यतीचा नाही, गाडीचा आहे. गाडी लांब, रुंद व बुटकी करा, एंजिन हलके करा. तसे कराल तर मी ३६ गाड्या घेतो. त्या गाड्यांना त्याने आपल्या मुलीचे नाव देवविले.

हे काम मायबाखच्या शिरावर आले. एका माणसाच्या मृत्यूनंतर त्याच वाटेवर पुन्हा धावणारी गाडी काढावयाची होती. चौपन्न वर्षांच्या या मनुष्याने ती काही महिन्यांत उभी केली. २२ डिसेंबर १९०० रोजी पहिली गाडी येलिनेकला रवाना झाली. चार सिलिंडर, सुमारे सहा लिटरचे एंजिन, ३५ अश्वशक्ती, आणि दर दोन सिलिंडरांना एक असे दोन कार्बुरेटर. फेऱ्या मिनिटाला ३०० पासून १००० पर्यंत चालकाच्या इच्छेप्रमाणे कमीजास्त करता येत. पाणी थंड करण्यासाठी पुढे मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसविली होती. तीत ८,०७० बारीक नळ्या होत्या, आणि तिच्यामुळे पूर्वी जेथे १८ लिटर पाणी लागे तेथे ९ लिटर पुरू लागले.

मार्च १९०१ मध्ये नीस येथे शर्यतींचा सप्ताह भरला. विल्हेल्म वेर्नर या चालकाने ३९२ किलोमीटरची लांब शर्यत ताशी सुमारे ५८ किलोमीटरच्या सरासरीने जिंकली. आणि ला तुर्बीच्या त्याच घाटात, जेथे पूर्वीचा विक्रम ताशी ३१.३ किलोमीटरचा होता, तेथे ही गाडी ५१.४ च्या वेगाने चढून गेली. बाउअर जेथे पडला ते वळणही तिने सुखरूप घेतले. घोडागाडीचे रूप टाकून मोटारीने आपले स्वतःचे रूप धारण केले ते येथे. फ्रेंच लोक मायबाखला यंत्र-रचनाकारांचा राजा म्हणू लागले.

पण राजाच्या घरी सत्ता नव्हती. थोड्याच वर्षांत कंपनीतील वरिष्ठांनी त्याला बाजूला सारून एका संशोधन-कचेरीत बसविले, आणि १९०७ मध्ये साठी उलटलेला मायबाख कंपनी कायमची सोडून बाहेर पडला. अनाथ मुलाने चाळीस वर्षे इतरांच्या नावाने काम केले होते. आता त्याला आपल्या मुलाच्या नावाने करावयाचे होते. ५ ऑगस्ट १९०८ रोजी काउंट झेपेलिनचे मोठे विमान-जहाज वादळात सापडून जळाले. मायबाखने काउंटला पत्र लिहून आपला मुलगा कार्ल याने योजिलेले नवे, भरवशाचे एंजिन देऊ केले. त्यातून १९०९ मध्ये आकाशयानांच्या एंजिनांचा कारखाना निघाला. कार्ल कारखाना पाही व पिता सल्ला देई. पुढे त्या कारखान्याला मायबाख हेच नाव मिळाले, आणि १९२१ मध्ये त्या नावाची मोटारही बर्लिनच्या प्रदर्शनात आली. ज्याला विद्यापीठाची पायरी चढावयास मिळाली नव्हती, त्याला १९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली.

१९२९ च्या ऑगस्टमध्ये ‘ग्राफ झेपेलिन’ हे विमान-जहाज पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्याला ओढणारी पाचही एंजिने मायबाखांच्या कारखान्यातील होती. त्यानंतर चार महिन्यांनी, २९ डिसेंबर १९२९ रोजी, त्र्याऐंशी वर्षांचा विल्हेल्म मायबाख स्टुटगार्ट येथे मरण पावला. कानश्टाटच्या ज्या स्मशानभूमीत डाइम्लरला पुरले आहे, तेथेच त्याचेही थडगे आहे.