वाघाला वाटायचं माणसालाही वास येतो, आणि याच गैरसमजाने जिम कॉर्बेटला वाचवलं

साल १९४४. ठिकाण छिंदवाडा. आज हा भाग मध्य प्रदेशात आहे, पण तेव्हा तो मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता आणि राजधानी होती नागपूर. सौंसर, पांढुर्ण्याच्या बाजूला आजही घराघरांत मराठी बोलली जाते.

तर या छिंदवाड्याच्या जंगलात दुसऱ्या महायुद्धासाठी सैनिकांचं ट्रेनिंग चालू होतं. इथून त्यांना ब्रह्मदेशाच्या जंगलात जपान्यांशी लढायला जायचं होतं. बंदूक चालवायला त्यांना येत होती. प्रश्न होता जंगलात जिवंत राहण्याचा. आणि ते शिकवायला आलेला माणूस होता सत्तरीला टेकलेला. नुकताच लेफ्टनंट कर्नल झालेला. नाव जिम कॉर्बेट.

नरभक्षक वाघ मारणारा कॉर्बेट आपल्याला माहीत असतो. पण त्याच्या हातात रायफल होती म्हणून तो वाचला, असं म्हणणं अर्धवट आहे. रायफल तर त्याच्या आधी गेलेल्या अनेक शिकाऱ्यांकडेही होती. कॉर्बेटकडे अजून एक गोष्ट होती. त्याला वारा कळायचा.

आता वारा कळणं म्हणजे काय? ते समजून घ्यायचं तर त्याच्या लहानपणात जावं लागेल.

२५ जुलै १८७५ ला नैनितालमध्ये त्याचा जन्म झाला. वडील तिथले पोस्टमास्तर. जिम सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा ते गेले. कुटुंब मोठं आणि पैसा बेताचा. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडी पडली की खाली तराईतल्या कालाढुंगीचं घर, असं त्यांचं वर्ष जायचं. कालाढुंगीत घराबाहेर पडलं की जंगलच.

आठव्या वर्षी त्याला पहिली बंदूक मिळाली. स्टीफन डीज नावाचा एक नातेवाईक कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक करत होता. जिमने त्याला पक्ष्यांची अंडी गोळा करून द्यायची, त्याबदल्यात ही बंदूक. दुनळी होती, ठासणीची होती, पण उजवी नळी फुटलेली आणि अख्खी बंदूक पितळी तारेने बांधून उभी केलेली. म्हणजे बार एकच, आणि तो भरायलाही वेळ लागणार. असं हत्यार घेऊन जंगलात जाणाऱ्या मुलाला जनावराच्या जवळ जाता आलंच पाहिजे. कुंवर सिंग नावाचा एक गावकरी त्याचा गुरू. सरकारी भाषेत तो चोरटा शिकारी होता, पण जंगल त्याला तळहातासारखं माहीत होतं.

चितळाच्या किंवा सांबराच्या जवळ जायचं तर पहिली अडचण त्याचे डोळे ही नसते. तुम्ही झाडाआड स्थिर उभे राहिलात तर हरणाला तुम्ही झाडाचाच भाग वाटू शकता. पानांवर पाय जपून टाकला तर आवाजही टाळता येतो. पण वास लपवता येत नाही. माणसाच्या अंगाचा, घामाचा, कपड्यांचा वास सतत हवेत मिसळत असतो आणि वारा जिकडे जाईल तिकडे पसरत जातो. हरणाचं नाक ओलं असतं, त्यात वासाचे कण चिकटतात आणि आपल्या कितीतरी पट लवकर त्याला बातमी लागते. एकदा लागली की संपलं. एक चितळ कुकतं, मग सगळा कळप शेपट्या वर करून पसार.

म्हणून हरणामागे जाणाऱ्याचा पहिला नियम म्हणजे वारा आपल्या तोंडावर घ्यायचा. वारा हरणाकडून आपल्याकडे यायला हवा. तो पाठीवर लागत असेल तर सरळ घरी परत यावं. चिमूटभर धूळ सोडून बघणं, सुकलेल्या गवताची काडी उडवणं, बोट ओलं करून कुठल्या बाजूने गार लागतंय ते पाहणं, हे सगळे उपाय त्यासाठीच.

डोंगरात मामला अजून अवघड होतो. पनवेलहून माथेरानच्या बाजूला निघालं की सुकापूर लागतं. तिथल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. दुपारी खाडीकडून येणारं वारं डोंगराच्या दिशेने जातं आणि थंडीतल्या रात्री डोंगरावरची गार हवा हळूहळू खाली उतरते. ऊन तापलं की उतारावरची हवा हलकी होऊन वर चढते. ऊन गेलं की थंड होऊन, जड होऊन, ओढ्याच्या वाटेने खाली येते. आता समजा उतारावर एक भेकर चरतंय. सकाळी दहा वाजता तुम्ही पायथ्यावरून चढायला लागलात, तर तुमचा वास तुमच्या आधी त्याच्याकडे पोहोचलेला असेल. तेच संध्याकाळी उलटं. तेव्हा वर बसलेला माणूस फसतो आणि खालचा लपून राहतो. घळीत तर वारा गोल फिरतो, तिथे कुठलाच नियम धड चालत नाही.

(आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हे कोणी करून बघायला जाऊ नये. कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना मात्र यातलं सगळं आजही लागू आहे.)

कॉर्बेट या सगळ्यात मोठा झाला. शाळा संपली तशी नोकरी धरावी लागली. रेल्वेत लाकूडफाट्याचं काम, मग बिहारमधल्या मोकामा घाटावर मालाच्या चढउताराचं कंत्राट. तिथे त्याची वीसेक वर्षं गेली. पहिल्या महायुद्धात कुमाऊंचे ५०० लोक घेऊन तो फ्रान्सला जाऊन आला.

मोकामा घाटाच्या काळातच, १९०७ मध्ये, त्याच्याकडे चंपावतच्या वाघिणीचं काम आलं. नेपाळ आणि कुमाऊं मिळून ४३६ माणसं तिच्या नावावर होती. कॉर्बेटने दोन अटी घातल्या. इनाम रद्द करा आणि बाकीच्या शिकाऱ्यांना मागे बोलवा. वाघीण त्याने मारली. पुढे पनारचा बिबट्या, रुद्रप्रयागचा बिबट्या, चौगढच्या वाघिणी अशी यादी वाढत गेली.

आणि इथे वाऱ्याचा हिशोब उलटा झाला.

हरणाच्या शिकारीत माणूस माग काढतो आणि हरीण वास घेतं. नरभक्षकाच्या बाबतीत माणूस वाघाला शोधत असतो, त्याच वेळी वाघ माणसाला शोधत असतो. दाट झाडीत वाघ दिसत नाही आणि त्याच्या पावलांचा आवाजही येत नाही. झडप तो मागून घालतो. या लढतीत माणसाचं पारडं फारच हलकं आहे. कॉर्बेटने विचार केला, की वाघ जन्मभर कोणाची शिकार करत आला? हरणाची, सांबराची, रानडुकराची. या सगळ्यांना नाक आहे. त्यामुळे आपला वास सावजाकडे जाणार नाही अशाच बाजूने तो जात आला. मग तो माणसं खायला लागला. पण माणसाचं नाक जवळपास निकामी आहे, हे त्याला कोण सांगणार? तो माणसाकडेही त्याच जुन्या पद्धतीने येतो.

म्हणजे वारा तुमच्या तोंडावर येत असेल, तर वाघ मागे असण्याची शक्यता जास्त. वारा पाठीवर असेल, तर तो समोर कुठेतरी दबा धरून असणार. चारही बाजूंनी येऊ शकणारा मृत्यू एका बाजूला आला, की त्या बाजूला डोळे लावता येतात.

मग वारा जिकडून येतोय तिकडेच जायचं असेल तर? तेव्हा धोका पाठीमागे, आणि उलटं चालत तर जाता येत नाही. कॉर्बेटने यावर शोधलेली युक्ती कोकणातल्या कुठल्याही जुन्या नाखव्याला लगेच समजेल. शिडाची होडी वाऱ्याविरुद्ध सरळ जात नाही, ती नागमोडी नेतात. कॉर्बेट जंगलात तसाच चालायचा. थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे. मग धोका पाठीशी न राहता आलटून पालटून दोन्ही बाजूंना यायचा, जिथे नजर पोहोचते.

हे ऐकायला कागदी वाटतं, पण या कागदावर त्याने वर्षानुवर्षं स्वतःचा जीव लावला.

अर्थात नेहमीच वाऱ्याचं गणित कामी येतं असं नाही. ११ एप्रिल १९३० ला चौगढच्या वाघिणीने त्याला जवळजवळ गाठलंच होतं. तिच्या नावावर ६४ बळी. एका घळीतून उतरताना त्याला रातव्याची वेगळीच अंडी सापडली. लहानपणीची सवय, त्याने ती डाव्या हातात घेतली. एका मोठ्या दगडाला वळसा घालून खाली आला, उजव्या खांद्यावरून मागे पाहिलं, तर काही फुटांवर वाघीण. एका हातात अंडी, म्हणून रायफल एकाच हाताने, अगदी हळूहळू फिरवावी लागली. झटकन हलला असता तर तिने झेप घेतली असती. त्याने गोळी झाडली आणि वाघीण पडली. नंतर तो परत गेला आणि अंडी होती तिथे ठेवून आला.

कॉर्बेटचं म्हणणं सगळ्या मोठ्या मांजरांना लागू पडतं का? इथे जरा सांभाळून बोललं पाहिजे. आपल्या कान्हात वाघ आणि हरणांचा अभ्यास करणारे जॉर्ज शेलर पुढे आफ्रिकेत सेरेंगेटीला गेले. तिथले सिंह शिकार करताना वाऱ्याच्या दिशेची फारशी पर्वा करत नाहीत असं त्यांना दिसलं. गंमत म्हणजे वाऱ्याविरुद्ध गेलेल्या सिंहांना यश जास्त मिळत होतं, तरीही. त्यामुळे कॉर्बेटचा नियम हा कुमाऊंच्या दाट झाडीतल्या, ठराविक जनावरांच्या अनुभवातून आलेला आहे असं म्हणणं जास्त बरोबर.

त्याचं स्वतःचं मनही तोवर बंदुकीतून निघत चाललं होतं. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने काढलेले वाघांचे फोटो पाहून त्यानेही कॅमेरा घेतला. पण फिल्मच्या कॅमेऱ्याची घरघर वाघाला ऐकू जायची. मग १९३८ मध्ये त्याने एका ओढ्यावर जागोजागी छोटे बांध घातले. पाण्याचा आवाज वाढला, त्यात कॅमेऱ्याचा आवाज बुडाला आणि त्याला एक नाही, सात वाघ जवळून चित्रित करता आले. लपण्याची तीच विद्या, फक्त या वेळी कोणी मेलं नाही. दोन वर्षं आधी, १९३६ ला, भारतातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान याच कुमाऊंच्या पायथ्याशी झालं होतं. नाव होतं हेली नॅशनल पार्क. त्यामागे कॉर्बेटचाही हात होता.

छिंदवाड्याचं काम त्याला फार काळ करता आलं नाही. मलेरियाने त्याला गाठलं. पण त्याच १९४४ मध्ये, ऑगस्टमध्ये, मुंबईत ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्याचं मॅनईटर्स ऑफ कुमाऊं छापलं. वाऱ्याचं हे सगळं गणित त्याने त्यातल्या चौगढच्या गोष्टीत मांडलंय. पुस्तक जगभर गेलं.

१९४७ मध्ये तो बहीण मॅगीसोबत भारत सोडून केनियाला गेला. न्येरी गावात राहिला, तिथेच पुस्तकं लिहीत राहिला. १९ एप्रिल १९५५ ला तो गेला, ट्री टॉप्स हे शेवटचं पुस्तक लिहून झाल्यावर काही दिवसांतच. त्यानंतर थोड्याच काळात हेली पार्कला त्याचं नाव देण्यात आलं. तिथे आज जीपमधून फिरणारे गाइड वाघ शोधायला अजूनही आधी चितळाच्या आणि भेकराच्या ओरडण्याकडे कान लावतात.