विश्लेषण : चेहराच नसेल, तर चित्रात भावना येते कशी? वासुदेव गायतोंडे यांचा प्रवास

संगणकाला नियम द्यायचे आणि त्यातून रंग-आकार आपोआप उमलू द्यायचे, अशी ‘जनरेटिव्ह’ अमूर्त चित्रे आता मोबाइलवर सहज दिसतात. आयुष्य बदलताना वाटणारी हुरहुर किंवा भीती त्यांतून व्यक्त होते म्हणतात. चेहरा नाही, प्रसंग नाही. मग भावना पोहोचते कशी? या प्रश्नाला संगणकाविना भिडलेले चित्रकार म्हणजे विदर्भात जन्मलेले वासुदेव गायतोंडे.

कोण होते गायतोंडे?

जन्म नागपूरचा, २ नोव्हेंबर १९२४. कुटुंब मूळचे गोव्याचे. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. सुरुवातीला ते माणसे रंगवत. पन्नाशीच्या दशकात आकृत्या विरत गेल्या. १९५७ मध्ये टोकियोतील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले.

चित्र कसे घडायचे?

रोलर आणि पॅलेट नाइफने ते रंगाचे थर चढवत. कागदाचे तुकडे ओल्या रंगावर ठेवून उचलत. पद्धत त्यांची, पण रंग कुठे किती उरेल हे थोडे रंगावरच सोडलेले. वर्षाकाठी मोजकीच चित्रे होत. बाकीचा काळ विचारात जाई.

आयुष्यातील बदलांचे काय?

१९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७२ मध्ये मुंबई सोडून दिल्लीत राहू लागले. १९८४ च्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास काही वर्षे थांबले. त्या काळात कागदावर शाईची छोटी रेखाटने झाली. नंतर ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले. यातला कोणताही प्रसंग त्यांच्या चित्रात ओळखू येत नाही. दिसते ती ढवळून निघाल्यावर हळूहळू निवळणाऱ्या पाण्यासारखी स्थिरता. झेन विचाराची ओढ त्यामागे होती.

आज त्यांची आठवण का?

१० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले. मोठा गाजावाजा नंतर झाला. २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये मिळाले, तर २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले.

संगणक क्षणात हजार चित्रे देतो. त्यांतले कोणते ठेवायचे आणि कुठे थांबायचे, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. गायतोंडे यांनी आयुष्यभर तेच केले. चित्रातली भावना या निवडीतून येते.