डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि उत्तर मुंबईचा मतदारसंघ

भिवंडी लोकसभा मतदारसंघात आज आपण एक मत देता व एक खासदार निवडता. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काही मतदारसंघ द्विसदस्य होते. उत्तर मुंबई हा त्यांपैकी एक. डॉ. भीमराव आंबेडकर (१८९१-१९५६) यांच्या चरित्रात त्याला विशेष स्थान आहे.

१९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी अस्पृश्यांसाठी मताधिकार व स्वतंत्र मतदारसंघ मागितले. १९३२ च्या पुणे कराराने त्याऐवजी संयुक्त मतदारसंघांतील राखीव जागा आल्या. म्हणजे उमेदवार अस्पृश्य समाजातील, परंतु अंतिम निवड सर्व मतदारांची. १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. पुढे त्यांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने सिद्ध केलेल्या संविधानाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मताधिकार दिला.

१९५२ मध्ये उत्तर मुंबईत प्रत्येक मतदाराला दोन मते होती. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे डॉ. आंबेडकर राखीव जागेसाठी उभे राहिले. समाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांचे सहकारी उमेदवार होते. राखीव जागा काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी सुमारे साडेचौदा हजार मतांनी जिंकली. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर राज्यसभेवर गेले. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही त्यांना अपयश आले.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. राखीव जागेवरील संयुक्त मतदान मात्र कायम राहिले. म्हणून हा पराभव केवळ एका उमेदवाराचा समजू नये. समाजाचा प्रतिनिधी कोणी निवडावा, या प्रश्नाचा आपणही विचार करावा.