सापाच्या स्वप्नामुळे फेमस झालेल्या केक्युलेचं खरं काम वेगळंच होतं, आणि त्यात एक माणूस कायमचा मागे राहिला

अकरावी-बारावीला सायन्स घेतलेल्या कुणालाही विचारा, ऑरगॅनिक केमिस्ट्रीतलं आता काय आठवतंय? रिॲक्शनची नावं परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच गेलेली असतात. नामकरणाचे नियम त्याच्याही आधी. पण दोन गोष्टी हमखास आठवतात. एक म्हणजे बेन्झिनचा षटकोन. आणि दुसरी म्हणजे तो षटकोन एका शास्त्रज्ञाला स्वप्नात दिसला होता, स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेल्या सापाच्या रूपात.

तो शास्त्रज्ञ म्हणजे ऑगस्ट केक्युले. स्वप्नाची गोष्ट एवढी भारी आहे की शिक्षक ती सांगतात, पोरं ऐकतात आणि विषय तिथंच संपतो. पण आज कॉलेजातला विद्यार्थी वहीत कार्बनला कार्बन जोडत सांगाडे काढतो, ते काढणं ज्या दोन माणसांमुळे शक्य झालं त्यातला एक हा केक्युले. दुसऱ्याचं नाव बहुतेकांनी ऐकलेलंही नसतं. त्याच्याकडे पुढे येऊच.

केक्युलेचा जन्म ७ सप्टेंबर १८२९ चा, जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरातला. पोरगा चित्रकलेत हुशार, त्यामुळे घरच्यांनी ठरवलं की याला आर्किटेक्ट करायचं. १८४७ साली तो गीसेन विद्यापीठात त्यासाठीच दाखल झाला. पण तिथं युस्टुस फॉन लीबिख हे केमिस्ट्रीतलं त्या काळचं सगळ्यात मोठं नाव शिकवत होतं. त्यांची लेक्चर्स ऐकली आणि पोराने साईड बदलली.

घरचे भडकले. हे वेड उतरावं म्हणून त्याला काही काळ गावातच दुसऱ्या संस्थेत बसवलं. उतरलं नाही. शेवटी १८५२ साली त्याने गीसेनमधून केमिस्ट्रीतच डॉक्टरेट घेतली. पॅरिस, स्वित्झर्लंड, लंडन असा फिरून तो १८५६ साली हायडेलबर्गला आला. पगाराची पक्की नोकरी नव्हती, प्रयोगशाळा मिळाली नव्हती. मग त्याने धान्याच्या एका व्यापाऱ्याच्या घरात भाड्याने खोल्या घेतल्या. एका खोलीत वर्ग भरवायचा आणि स्वयंपाकघरात प्रयोग करायचे!

त्या स्वयंपाकघरात त्याच्यासोबत काम करणारा एक तरुण होता आडोल्फ फॉन बायर. हाच बायर पुढे प्रयोगशाळेत नीळ बनवण्याच्या मागे लागला आणि यशस्वी झाला. कारखान्यातली नीळ बाजारात आली तशी आपल्याकडच्या निळीच्या शेतीला उतरती कळा लागली. चंपारणच्या सत्याग्रहाचा एक धागा असा त्या भाड्याच्या किचनपर्यंत जातो. असो.

आता तेव्हा केमिस्ट्री शिकणं म्हणजे काय प्रकार होता ते बघू, नाहीतर केक्युलेने नेमकं केलं काय हे कळणार नाही.

एखाद्या पदार्थात कार्बन किती, हायड्रोजन किती, ऑक्सिजन किती हे मोजता येत होतं. म्हणजे सामानाची यादी हातात होती. पण ते सामान एकमेकांना कसं जोडलंय हे माहीत नव्हतं, आणि ते कधी कळेल यावर बऱ्याच मोठ्या केमिस्टांचा विश्वासही नव्हता. त्यात अणूंच्या वजनावर एकमत नाही. कुणी कार्बनचं वजन ६ धरायचं, कुणी १२. पाण्याचं सूत्र कुणी एच-टू-ओ लिहायचं, तर कुणी नुसतं एचओ. केक्युलेने पुढे आपल्या पुस्तकात एक तक्ताच छापला. व्हिनेगरमध्ये असतं ते साधं ॲसेटिक ॲसिड, त्याची वेगवेगळ्या केमिस्टांनी लिहिलेली तब्बल १९ सूत्रं! एका ॲसिडची १९ सूत्रं असतील तर विद्यार्थ्याने पाठ तरी काय करायचं?

या गोंधळात १८५८ साली केक्युलेचा एक लेख आला. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: कार्बनला चार हात असतात, आणि कार्बन त्यातला हात दुसऱ्या कार्बनच्या हातात देऊ शकतो. म्हणजेच कार्बनची साखळी बनते.

आज हे वाचून वाटेल, यात काय एवढं? पण अख्खी ऑरगॅनिक केमिस्ट्री या दोन वाक्यांवर उभी आहे. चार हात आणि साखळी एवढं मान्य केलं की कोणता पदार्थ असू शकतो, कोणता नाही, एकाच यादीतून किती वेगवेगळे रेणू बनतील हे कागदावर मोजता येतं. पाठांतराच्या जागी हिशोब आला.

पण नेमकी हीच गोष्ट त्याच वर्षी आणखी एकाला सुचली होती.

आर्चिबाल्ड स्कॉट कूपर. स्कॉटलंडचा, वय २७, केक्युलेपेक्षा दीड-दोन वर्षांनी लहान. तो पॅरिसमध्ये शार्ल वुर्त्झ यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. कार्बनचे चार हात आणि कार्बनला कार्बन जोडणं, दोन्ही त्याने स्वतंत्रपणे मांडलं होतं. वर अणूंच्या मध्ये बंध दाखवण्यासाठी त्याने टिंबांच्या आणि सरळ रेघाही काढल्या. आपण आज वहीत जी रेघ ओढतो ती केक्युलेपेक्षा कूपरच्या जास्त जवळची आहे. केक्युले तेव्हा लांबट आकारांची चित्रं काढायचा, ज्यांना त्याच्या टीकाकारांनी सॉसेज म्हणून हिणवलं.

झालं असं की कूपरने लेख फ्रेंच अकादमीत मांडण्यासाठी वुर्त्झ यांच्याकडे दिला. वुर्त्झ तेव्हा अकादमीचे सदस्य नव्हते, त्यामुळे तो दुसऱ्या कुणामार्फत जाणं भाग होतं. यात वेळ गेला. मे महिन्यात केक्युलेचा लेख छापून आला. कूपरचा लेख अकादमीपुढे आला तो जूनमध्ये.

कूपर वुर्त्झ यांच्यावर संतापला, भांडण झालं आणि त्याला प्रयोगशाळा सोडावी लागली. तो एडिनबरोला परतला, तिथं नोकरीही मिळाली, पण १८५९ साली त्याचं मानसिक आरोग्य ढासळलं. उपचार झाले, पण तो पुन्हा संशोधनाकडे वळू शकला नाही. पुढची तीसेक वर्षं किर्किंटिलॉख या आपल्या गावी तो आईच्या देखभालीत राहिला. केक्युलेने मान आपल्याकडेच ठेवला, कूपरला वाटा दिला नाही. केक्युलेने चोरी केली नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. दोघांनी आपापलं काम केलं होतं. पण नंतर मोठेपणा दाखवायला त्याला हजार संधी होत्या, तो त्याने दाखवला नाही, हेही तितकंच खरं.

इकडे केक्युलेची गाडी सुसाट होती. १८५८ सालीच तो बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात प्रोफेसर झाला आणि फ्रेंचमधून शिकवू लागला. अणूंच्या वजनांचा घोळ मिटावा म्हणून १८६० साली कार्ल्सरूह इथं युरोपभरच्या केमिस्टांची परिषद भरली, त्यामागच्या मुख्य लोकांत तो होता. परिषदेत लगेच ठराव काही झाला नाही. पण तिथं इटलीच्या कानिझारो यांची एक पुस्तिका वाटली गेली, ती वाचून लोकांची डोकी हळूहळू साफ झाली. ती वाचणाऱ्यांत एक रशियन तरुण होता, मेंडेलीव्ह. त्याने पुढे काय केलं ते भिंतीवरच्या तक्त्यात बघा.

याच काळात केक्युले पाठ्यपुस्तक लिहीत होता. १८५९ पासून ते भागाभागांनी येऊ लागलं. ऑरगॅनिक केमिस्ट्री म्हणजे कार्बनच्या संयुगांची केमिस्ट्री, ही व्याख्या त्याने तिथं ठाम केली. गंमत म्हणजे विद्यार्थ्यांसाठी एवढ्या हौसेने घेतलेलं हे पुस्तक त्याच्या हातून कधीच पूर्ण झालं नाही.

१८६२ साली त्याने श्टेफनी ड्रोरी हिच्याशी लग्न केलं. तिचे वडील इंग्लिश, गेंटमधल्या गॅस कारखान्याचे प्रमुख. वर्ष उलटायच्या आत, १८६३ साली, मुलाच्या जन्मानंतर लगेचच ती गेली. तान्ह्या पोराला घेऊन हा माणूस परक्या शहरात एकटा राहिला. त्याचा बेन्झिनवरचा लेख १८६५ साली आला, तो या दोन वर्षांनंतर.

बेन्झिनचं कोडं काय होतं? फॅरेडे यांनी १८२५ साली दिव्याच्या गॅसच्या उरलेल्या तेलातून ते वेगळं काढलं होतं. यादी सोपी होती, सहा कार्बन आणि सहा हायड्रोजन. पण सहा कार्बनची सरळ साखळी केली तर हायड्रोजन फारच कमी पडतात. केक्युलेने साखळीची दोन टोकं जोडून टाकली.

हे नुसतं सुंदर नव्हतं, तपासता येण्यासारखं होतं. सहा खुर्च्यांचं गोल टेबल डोळ्यासमोर आणा. एकच पाहुणा बसवायचा असेल तर कुठलीही खुर्ची सारखीच. म्हणजे एक हायड्रोजन काढून दुसरा अणू बसवला तर एकच पदार्थ मिळायला हवा. दोन सारखे पाहुणे बसवायचे असतील तर शेजारी, एक खुर्ची सोडून किंवा समोरासमोर, असे तीनच प्रकार. हेच ते ऑर्थो, मेटा आणि पॅरा. केक्युलेच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या विल्हेल्म कोर्नरने पुढे चिकाटीने ही मोजणी प्रयोगातून पक्की केली.

एक खोच मात्र उरली. केक्युलेच्या षटकोनात एक बंध जोड, एक एकेरी अशी रचना होती. मग शेजारी बसलेल्या दोन पाहुण्यांमध्ये कधी जोड बंध येईल, कधी एकेरी. म्हणजे तीनऐवजी चार पदार्थ मिळायला हवेत! त्याचाच जुना विद्यार्थी लाडेनबुर्ग याने हे दाखवून दिलं. १८७२ साली केक्युलेने उत्तर दिलं की हे बंध सतत जागा बदलत असतात. उत्तर जसंच्या तसं बरोबर नव्हतं, पण आज आपण रेझोनन्स म्हणून जे शिकतो त्याच्या दिशेने ते पहिलं पाऊल होतं.

आणि तो साप? ती गोष्ट जगाला कळली १८९० साली. बेन्झिनच्या षटकोनाला २५ वर्षं झाली म्हणून बर्लिनच्या नगरभवनात मोठा सोहळा झाला, तिथं केक्युलेने स्वतः सांगितली. गेंटमधल्या आपल्या खोलीत पुस्तक लिहिता लिहिता शेकोटीपुढे डुलकी लागली, अणू नाचताना दिसले, त्यातल्या एका सापाने स्वतःची शेपटी धरली. त्याआधी लंडनमध्ये घोड्यांच्या बसमधून जातानाही अशीच तंद्री लागून कार्बनची साखळी दिसली होती, हेही त्याच भाषणातलं. घटना आणि भाषण यांत एवढी वर्षं गेल्यामुळे काही अभ्यासकांनी या स्वप्नावर शंका घेतली. व्हिएन्नाच्या लोश्मिट यांनी १८६१ सालीच एका पुस्तिकेत बेन्झिनसाठी वर्तुळ काढलं होतं, याकडेही ते बोट दाखवतात. माझ्या मते स्वप्न पडलं असेलही. पण ज्याने दहा-बारा वर्षं फक्त कार्बनचे हात मोजले त्यालाच ते पडू शकतं. खुद्द केक्युलेनेही त्या भाषणात स्वप्नं जागेपणी तपासल्याशिवाय छापू नका, असंच बजावलं होतं. ते कुणी लक्षात ठेवलं नाही.

१८६७ पासून शेवटपर्यंत तो बॉन विद्यापीठात होता. केमिस्ट्रीची पहिली पाच नोबेल बघितली तर त्यातली तीन त्याच्या हाताखालून गेलेल्यांना मिळाली: १९०१ ला व्हान्ट हॉफ, १९०२ ला एमिल फिशर, १९०५ ला किचनवाला बायर. नोबेल सुरू होण्याआधीच, १३ जुलै १८९६ रोजी, केक्युले बॉनमध्ये वारला होता.

त्याच्या जागी प्रोफेसर झाला त्याचा विद्यार्थी रिखार्ड आन्शुट्झ. गुरूचं चरित्र लिहायच्या तयारीत जुने लेख चाळताना त्याला कूपरचा तो १८५८ चा लेख सापडला. हा कोण माणूस, पुढे त्याचं काय झालं, जर्मनीत कुणालाच सांगता येईना. आन्शुट्झने स्कॉटलंडला पत्रं पाठवली, लोकांकडे चौकशा केल्या. कूपर १८९२ सालीच वारला होता. आन्शुट्झने त्याच्या आयुष्याची माहिती गोळा केली, त्याचे लेख जर्मनमध्ये पुन्हा छापून आणले आणि कार्बनच्या साखळीवर आपल्या गुरूइतकाच कूपरचाही हक्क आहे, हे १९०९ साली जाहीरपणे मांडलं.